शेतजमिनीचे राज्य कायदे : घोषणा कुठली, अध्यादेश कुठला, आज लागू काय? (खान्देशासाठी एकत्र धागा)

गिरणाथडी

राम राम मंडळी. "तुकडेबंदी उठली", "वर्ग २ ची जमीन आपोआप वर्ग १ होणार", "शेतरस्त्याचा नवा कायदा आला" असे निरोप गावागावांत फिरतात आणि त्यावर विसार दिले-घेतले जातात. नंतर दुय्यम निबंधक दस्त घेत नाही, विसार अडकतो. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेतकऱ्यांसाठी हा धागा. राज्याच्या कायद्यात बदल झाला की तो कुठल्या टप्प्यावर आहे हे इथे लिहायचं. नुसती बातमीची कात्रणं टाकू नका, कागदाचा क्रमांक आणि तारीख द्या.

टप्पे असे असतात. मंत्री सभागृहात किंवा पत्रकारांपुढे बोलतात, ती घोषणा. मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे सरकारचा इरादा. त्यानंतर अधिवेशन चालू असेल तर विधेयक, नसेल तर राज्यपालांचा अध्यादेश. विधेयक विधानसभा आणि विधानपरिषद दोन्हीकडे मंजूर व्हावं लागतं, मग राज्यपालांची संमती, मग राजपत्र. इथपर्यंत आलं तरी कलम १ वाचा. त्यात "शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल" असं असेल तर कायदा छापला गेला, पण लागू नाही. त्याच्याही पुढे नियम आणि कार्यपद्धती.

तुकडेबंदीचंच बघा. मूळ कायदा १९४७ चा, ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याच्या व्यवहाराला बंदी घालणारा. २०१७ च्या दुरुस्तीने जुने तुकडे बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून नियमित करायची सोय झाली. ऑक्टोबर २०२४ च्या अध्यादेशाने ते ५ टक्क्यांवर आलं. जुलै २०२५ मध्ये सभागृहात मोठी घोषणा झाली, पण अध्यादेश आला नोव्हेंबर २०२५ मध्ये. जुलै ते नोव्हेंबर या काळात ज्यांनी "आता काही लागत नाही" म्हणून व्यवहार ठरवले, त्यांच्या हातात कायद्याचा एक कागदसुद्धा नव्हता. शिवाय तो अध्यादेश नागरी हद्दी आणि आराखड्यातल्या अकृषिक विभागांपुरता होता. साक्रीच्या शिवारातला ६ गुंठ्यांचा शेतीचा तुकडा त्यात बसत नाही.

केळीबाग_रावेर

नाना, धाग्याची गरज होतीच. पण हे कागद शोधायचे कुठे? शासनाच्या संकेतस्थळांवर शोध टाकला की शेकडो निकाल येतात, नाहीतर एकही येत नाही.

जुना_दप्तरी

चार ठिकाणं धरा.

पहिलं, विधानमंडळाचं संकेतस्थळ. तिथे विधेयकं वर्षवार आणि क्रमांकाने मिळतात, विधानसभेची वेगळी, परिषदेची वेगळी. अधिवेशनं साधारण तीन : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. अधिवेशन चालू असताना दिवसाच्या कामकाजाची यादी रोज पाहायची. पुष्कळदा विधेयक मांडलं जातं आणि एक-दोन दिवसांत मंजूरही होतं. आठवड्याने पाहणाऱ्याला हरकत घ्यायला वेळच उरत नाही.

दुसरं, राजपत्र. साप्ताहिक अंकापेक्षा असाधारण अंक महत्त्वाचे. राज्य अधिनियमांखालचे नियम बहुतेक भाग चार-ब मध्ये असतात, अधिनियमांचे इंग्रजी अनुवाद भाग आठ मध्ये. आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या स्थानिक अधिसूचनांसाठी नाशिक विभागीय पुरवणी पाहायला विसरू नका. भूसंपादनाच्या पुष्कळ अधिसूचना तिथेच सापडतात.

तिसरं, शासन निर्णयांचं संकेतस्थळ. प्रत्येक शासन निर्णयावर १८ अंकी संकेतांक असतो. पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन विभागाचे : १९ म्हणजे महसूल व वन, ०१ कृषी, ०२ सहकार व पणन. कोणी फोटो पाठवला की तो अंक संकेतस्थळावर टाका. निघाला नाही तर तो कागद बाजूला ठेवा. अंकावरची तारीख आणि मजकुरातली तारीख जुळते का हेही पाहा, कारण जुन्या निर्णयाचं पहिलं पान आणि दुसऱ्याच निर्णयाची पुढची पानं जोडून फिरवलेली असतात.

चौथं, विधी व न्याय विभागाचं संकेतस्थळ. मूळ अधिनियम तिथे मिळतो. पण तो कुठल्या तारखेपर्यंत सुधारलेला आहे हे मुखपृष्ठावर वाचूनच वापरा.

शोधताना एकाच नावावर अडू नका. १९६६ च्या कायद्यासाठी "जमीन महसूल संहिता" आणि "जमीन महसूल अधिनियम" दोन्ही टाका. तसंच नावातलं वर्ष आणि अधिनियम क्रमांकाचं वर्ष वेगळं असू शकतं. भूजलाचा कायदा नावाने २००९ चा, पण क्रमांकाने २०१३ चा महाराष्ट्र २६, आणि अंमल १ जून २०१४ पासून. २००९ च्या यादीत शोधत बसलात तर तो मिळणारच नाही.

बोरीकाठ

दप्तरी काका, विधेयक हाती आलं तरी वाचून कळत नाही. "'अमुक' या मजकुराऐवजी 'तमुक' हा मजकूर दाखल करण्यात येईल" एवढंच असतं.

जुना_दप्तरी

ताई, सुरुवात शेवटून करा. विधेयकाच्या शेवटी मूळ अधिनियमातल्या संबंधित कलमांचा उतारा जोडलेला असतो. तो एका कागदावर लिहून त्यात बदल पेन्सिलीने भरायचा, म्हणजे नवं कलम अख्खं दिसतं. त्याआधी "उद्देश व कारणे यांचे निवेदन" वाचा, सरकारला काय साधायचंय ते तिथे असतं.

आणि एक पान लोक हमखास सोडतात : "प्रत्यायुक्त विधिविधानासंबंधीचे ज्ञापन". सभागृहाने कुठल्या बाबी नियमांवर सोडल्या त्याची यादी त्यात असते. शुल्क किती, अर्जाचा नमुना कोणता, मुदत किती, कोणता अधिकारी, या शेतकऱ्याला जाचणाऱ्या गोष्टी बहुतेक तिथेच जातात. विधेयक मंजूर झालं म्हणून पाठपुरावा थांबवला तर खरा तपशील हातातून निसटतो.

अध्यादेश असेल तर त्याला आयुष्य असतं. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून ६ आठवड्यांत त्याच्या जागी कायदा झाला नाही तर तो संपतो. दोन्ही सभागृहं वेगळ्या तारखांना भरली तर नंतरची तारीख धरायची. अध्यादेशाच्या जागी येणाऱ्या विधेयकात "निरसन व व्यावृत्ती" असं कलम असतं. मधल्या काळात केलेले अर्ज आणि भरलेले पैसे वैध राहतात की नाही ते त्यावर ठरतं. ते कलम वाचल्याशिवाय चलन भरू नका.

साक्री_कोरडवाहू

थेट प्रश्न. जिरायत गटातले ५ गुंठे शेजाऱ्याला विहिरीसाठी द्यायचे आहेत. आज होतं की नाही?

गिरणाथडी

होतं, पण साध्या खरेदीखताने नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. त्याखालचा व्यवहार तुकडा ठरतो. त्याला अपवाद मार्च २०२४ च्या सुधारणा नियमांत आहे : विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल. विहिरीसाठी कमाल ५ गुंठे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोबत भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला. मंजुरी मिळाली की तिची मुदत १ वर्ष. त्यात दस्त झाला नाही आणि मुदत वाढवून घेतली नाही तर मंजुरी पडून जाते. मंजुरीची प्रत दस्ताला जोडायची आणि ज्या कारणासाठी घेतलं तेच करायचं.

घोटाळा इथे होतो : दस्त आधी उरकून "मंजुरी नंतर आणू" म्हणतात. मंजुरीच्या तारखेआधीचा दस्त या अपवादात येत नाही. मग फेरफार रद्द होतो आणि पैसे विकणाऱ्याने खर्चून टाकलेले असतात.

वकिली_टिपण

यात भर. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवली होती. औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक रद्द ठरवलं. आपले तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात. पण याचा अर्थ लोकांनी भलताच घेतला. परिपत्रक गेलं तरी १९४७ चा कायदा जागेवरच आहे. दस्त नोंदला गेला म्हणजे व्यवहार वैध झाला असं नाही. फेरफाराच्या वेळी कलम ७ आणि ८ आडवी येतातच.

उतरंड अशी : अधिनियम, त्याखाली नियम, त्याखाली अधिसूचना, मग शासन निर्णय, सगळ्यात खाली परिपत्रक. खालचा कागद वरच्याला छेद देत असेल तर न्यायालयात टिकत नाही. तोवर तालुक्याच्या टेबलावर मात्र परिपत्रकच चालतं, म्हणून त्याचीही नोंद ठेवावी लागते.

सातपुडा_तळोदा

आमच्या भागाचा मुद्दा वेगळा आहे, त्याशिवाय हा धागा अर्धवट राहील. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, धुळ्यात साक्री-शिरपूरचा काही भाग, जळगावात चोपडा, यावल, रावेरची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यपाल साध्या अधिसूचनेने राज्याचा कायदा बदलून लागू करू शकतात, किंवा लागूच नाही असं ठरवू शकतात. म्हणजे विधिमंडळाची यादी कितीही नीट पाहिली तरी हा बदल तिथे दिसणार नाही. राजपत्रात राज्यपालांच्या अधिसूचना वेगळ्या शोधाव्या लागतात.

जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६-अ आदिवासी खातेदाराच्या जमिनीची राखण करतात. बिगर-आदिवासीला हस्तांतर करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि विक्री असेल तर त्याआधी शासनाची मान्यता. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा ठरावही पाहायचा. महाराष्ट्राचे पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नियम ४ मार्च २०१४ चे आहेत, ते जवळ ठेवा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या हस्तांतरांना १९७४ चा जमीन परत करण्याचा अधिनियम लागतो, त्यामुळे जुना फेरफार पाहिल्याशिवाय "पन्नास वर्षांपासून आमच्याच ताब्यात आहे" या बोलण्याला अर्थ नाही.

सामान्य दुरुस्ती आली की आम्ही तीन गोष्टी तपासतो : गाव अनुसूचित यादीत आहे का, मूळ कलम राज्यपालांनी आधी बदललंय का, नवी दुरुस्ती त्या बदललेल्या कलमाला लागते का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तहसीलमध्ये तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

कापूसपट्टा_चोपडा

बोगस बियाणाच्या विधेयकांचं काय झालं? कृषी केंद्रांत अजून "नवा कायदा" म्हणून बोलतात.

जुना_दप्तरी

भाऊ, ती २०२३ च्या पावसाळी अधिवेशनातली विधानसभा विधेयकं क्रमांक ४० ते ४४. बियाणं, खतं, कीटकनाशकं निकृष्ट निघाल्यास नुकसानभरपाई हा त्यांचा गाभा. ती संयुक्त समितीकडे गेली आणि निविष्ठा विक्रेत्यांनी त्याविरुद्ध नोव्हेंबर २०२३ मध्ये दुकानं बंद ठेवली. इथे राज्यघटनेचा अनुच्छेद १९६ लक्षात ठेवायचा : विधानसभेत प्रलंबित असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. विधानसभेत मंजूर होऊन परिषदेत अडकलेलंही जातं. फक्त परिषदेत मांडलेलं आणि विधानसभेत अजून मंजूर न झालेलं टिकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी विधानसभा आली, त्यामुळे समितीच्या टप्प्यावरच्या त्या क्रमांकांवर कोणी भरपाई मागू शकत नाही.

आज कपाशीच्या बियाणाला राज्याचा २००९ चा कापूस बियाणे अधिनियम आहे, बाकी केंद्राचा १९६६ चा बियाणे कायदा आणि ग्राहक आयोग. तक्रारीसाठी पावती, पिशवीवरचं लॉट क्रमांकाचं लेबल आणि थोडं शिल्लक बियाणं ठेवा. तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा पीक उभं असतानाच झाला पाहिजे. पऱ्हाट्या उपटल्यावर समिती काय पाहणार?

केळीबाग_रावेर

बाजार समितीच्या बाबतीत लिहितो, कारण केळीवाल्यांना हे रोज लागतं. जुलै २०१६ च्या दुरुस्तीने फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाला आणि आवारात अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. कपाशी, मका, कडधान्यं यांना ते लागू नाही. बाजार फी कोणत्याही शेतमालाची असो, ती खरेदीदारावर आहे, हिशेबपट्टीत शेतकऱ्याच्या नावे कापलेली दिसली तर बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी द्यायचं. बऱ्हाणपूरला माल गेला तर तिथे मध्य प्रदेशचा कायदा लागतो, आपला नाही. बाहेर खरेदी करणाऱ्यावर समितीचं नियंत्रण नाही, याचा दुसरा अर्थ असा की पैसे बुडाले तर समितीकडे दाद मागता येत नाही. वजनाची चिठ्ठी, गाडी क्रमांक आणि भाव लिहिलेली सही नसेल तर काहीच उरत नाही.

भूजलाचं दप्तरी काकांनी सांगितलंच. रावेर-यावलमध्ये उपसा अति झाल्याने आमचं लक्ष त्यावर जास्त. त्या कायद्यात "खोल विहीर" म्हणजे ६० मीटरपेक्षा खोल, जवळपास २०० फूट. इथल्या कूपनलिका त्याच्या कितीतरी खाली जातात. नियमांचा मसुदा जुलै २०१८ मध्ये हरकतींसाठी आला होता. अशा मसुद्याची मुदत केळीच्या कापणीत किंवा पेरणीत निघून जाते, म्हणून गावात एकाने तरी राजपत्र पाहत राहिलं पाहिजे.

बांधावर_शिरपूर

भूसंपादनात राज्य आणि केंद्र यांची गल्लत फार महागात पडते.

राज्याचा प्रकल्प २०१३ च्या भूसंपादन कायद्याने असेल तर कलम ११ च्या प्राथमिक अधिसूचनेपासून हरकतीला ६० दिवस. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा, त्याच्या कलम ३-अ ची अधिसूचना, आणि हरकतीला फक्त २१ दिवस, राजपत्रात छापल्या तारखेपासून. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरच्या गावांना हा दुसरा हिशेब लागतो. "आपल्याकडे दोन महिने आहेत" असं समजून बसलेल्याची हरकत मुदतबाह्य होते.

२०१३ चा कायदा वाचतानाही महाराष्ट्राची २०१८ ची दुरुस्ती सोबत ठेवा. तिने कलम १०-अ घातलं आणि ग्रामीण पायाभूत सुविधा, औद्योगिक मार्गिका अशा काही प्रकल्पांना सामाजिक परिणाम तपासणीसारख्या टप्प्यांतून सूट देता येऊ लागली. केंद्राची छापील प्रत बाजारातून आणली तर त्यात हे नसतं.

कलम ११ ची अधिसूचना निघाली की त्या गटात खरेदी-विक्री किंवा बोजा चढवता येत नाही. निवाड्याचा (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाचा) मोबदला घेताना "हरकतीसह स्वीकारला" असं पावतीवर लिहा. वाढीव मोबदल्याचा कलम ६४ चा अर्ज : निवाड्याला हजर असाल तर त्या तारखेपासून ६ आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यातलं जे आधी संपेल ते.

बोरीकाठ

कुळकायद्याने मिळालेली जमीन वर्ग २ (विक्रीवर बंधन असलेली) दिसते. ती विकायला नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम, किती? कोणी बाजारमूल्याच्या ५० टक्के सांगतात, कोणी ४० पट.

वकिली_टिपण

दोन्ही आकडे खरे आहेत, पण वेगवेगळ्या जमिनींचे. कुळवहिवाट कायद्याचं कलम ४३, २०१४ ची दुरुस्ती : ३२-म चं (कुळाने जमीन खरेदी केल्याचं) प्रमाणपत्र असेल आणि खरेदीला १० वर्षं झाली असतील तर परवानगी नको, आकारणीच्या ४० पट नजराणा. सातबारावर आकार ४ रुपये ५० पैसे असेल तर १८० रुपये. घेणारा शेतकरी हवा, त्याची जमीन कमाल मर्यादेत राहायला हवी आणि तुकडा पडता कामा नये.

टक्केवारीचा हिशेब शासनाने प्रदान केलेल्या वर्ग २ जमिनींचा, ८ मार्च २०१९ च्या नियमांतला. त्यातली सवलत सुरुवातीला ३ वर्षांचीच होती, पुढे मुदती बदलत गेल्या. म्हणून चलनाच्या दिवशी लागू असलेला दर राजपत्रातून काढूनच रक्कम भरा. कमाल जमीन धारणा, वतन, पुनर्वसन या जमिनींचे नियम आणखी वेगळे. सातबाऱ्यावर सगळ्यांना "वर्ग-२" एवढंच दिसतं, त्यामुळे इतर हक्काचा रकाना आणि मूळ फेरफार काढल्याशिवाय कुठलाच आकडा लावू नका, ताई.

साक्री_कोरडवाहू

आणि शेतरस्त्याचा नवा कायदा?

गिरणाथडी

२२ मे २०२५ चा महसूलचा शासन निर्णय आहे, कायदा नाही. त्यात रस्ता शक्यतो ३ ते ४ मीटर रुंद, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद आणि ९० दिवसांत निकाल असं सांगितलंय. अर्ज मात्र जुन्याच कायद्यांखाली करायचा. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, आणि अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. चुकीच्या कलमाखाली अर्ज दिला की पुढच्या तारखांना तहसीलदार तोच मुद्दा काढतात आणि ६ महिने उलटून जातात. अर्जात लगतच्या सगळ्या गटांचे खातेदार पक्षकार करा, मोजणीचा नकाशा जोडा, आणि मागणीत "इतर हक्कात नोंद घ्यावी" हे शब्द घाला, नाहीतर आदेशात ती नोंद राहून जाते.

सातपुडा_तळोदा

नियमांच्या मसुद्यावर हरकत कशी लिहायची तेही कोणी टाका. गावाचे ठराव जातात, पण "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेलं असतं.

जुना_दप्तरी

एका हरकतीत एकच नियम घ्या. वर मसुदा अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख. खाली नियम क्रमांक, मसुद्यातले शब्द जसेच्या तसे, त्याखाली तुम्हाला हवे असलेले शब्द, मग कारण. कारणात आपल्या गावाचं क्षेत्र, गट, पीक, पाण्याची खोली असे पडताळता येणारे आकडे. पत्ता मसुद्यात दिलेलाच, मुदतीच्या आत पोहोचलेली, नोंदणीकृत टपालाची पावती आणि ईमेल दोन्ही. प्रत स्थानिक आमदारांना, म्हणजे तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधीत त्याचा उपयोग होतो. सभागृहात मंत्र्यांनी उत्तरात आश्वासन दिलं तर त्याची तारीख टिपा, शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

विधेयकावरही कधी कधी अशी संधी मिळते. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या तीन कृषी कायद्यांना दुरुस्ती सुचवणारी तीन विधेयकं राज्याने सूचनांसाठी २ महिने खुली ठेवली होती, ती पुढे डिसेंबरात मागे घेतली गेली.

बोरीकाठ

बठ्ठं समजनं काका. हरकतीचा कोरा नमुना टंकून उद्या इथे टाकते. अनुसूचित गावांसाठी ग्रामसभेच्या ठरावाची ओळ सातपुडा दादांनी घालून द्या.

सातपुडा_तळोदा

देतो ताई. ठरावात ग्रामसभेची तारीख, हजर संख्या आणि त्यात महिला किती, हे तीन रकाने कोरे ठेवा. ते भरले नाहीत तर ठरावाची दखल घेत नाहीत.